समजून घ्या : स्क्रीनवर सर्किट ‘ओके’, मग बोर्डवर पार्ट का जळतो? सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचं मॉडेल असं जोडा

डिजिटल डेस्क, पुणे : इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्ट सबमिशनचे दिवस जवळ आले की मंडई मेट्रो स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या गर्दीत पाठीला सॅक लावलेली पोरं वाढतात. त्यांना मंडईतली भाजी नको असते. ती तिथून चालत काही मिनिटांवर असलेल्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत निघालेली असतात. डायोड, ट्रान्झिस्टर, आयसी, कपॅसिटर असं सगळं तिथं सुटं मिळतं. अडचण वेगळीच असते. गल्लीत मिळणारा पार्ट सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या यादीत असेलच असं नाही. मग ‘त्यातल्या त्यात जवळचा’ पार्ट टाकून सर्किट चालवलं जातं, स्क्रीनवर छान आलेख येतो आणि बोर्डला सप्लाय दिल्यावर धूर निघतो.

हा धूर मीही काढला आहे. शेवटच्या वर्षाला आमच्या ग्रुपनं १२ व्होल्टचे २४ व्होल्ट करणारा बूस्ट कन्व्हर्टर केला होता. स्विचिंग ५० किलोहर्ट्झला. डायोड घेतला १एन४००७, कारण तो रुपया-दोन रुपयांत मिळतो आणि सगळ्यांच्या डब्यात असतोच. सॉफ्टवेअरमध्ये हा नंबर सापडला नाही, म्हणून आम्ही साधा, बिननावाचा डायोड टाकला. स्क्रीनवर २४ व्होल्टची सरळ रेषा आली. बोर्डवर मात्र डायोडला बोट लावणं अशक्य झालं आणि थोड्याच वेळात मॉस्फेट गेला. नवा मॉस्फेट आणायला गेलो तेव्हा दुकानातल्या काकांनी सर्किट न बघताच विचारलं, ‘डायोड कुठला लावलाय?’

चूक सॉफ्टवेअरची नव्हती. आम्ही त्याला चुकीचा डायोड सांगितला होता. बरोबर डायोड कसा सांगायचा आणि सांगितलेला बरोबर आहे हे कसं ओळखायचं, ते या लेखात पाहू.

‘मॉडेल’ म्हणजे नेमकं काय?

सिम्युलेशनमधल्या कुठल्याही पार्टचे तीन भाग असतात.

• चिन्ह : स्क्रीनवर दिसणारं चित्र. डायोडचा त्रिकोण, ऑप-अँपचा मोठा त्रिकोण.
• मॉडेल : त्या पार्टचं वागणं सांगणारा मजकूर. साध्या टेक्स्ट फाइलमधल्या काही ओळी.
• जोडणी : चित्रातली कुठली पिन मॉडेलमधल्या कुठल्या टोकाला लावायची, याचा हिशेब.

आपल्याला दिसतं फक्त चित्र. उत्तर मात्र मॉडेलमधून येतं. चित्रावर ‘१एन४००७’ असं नाव लिहिलं म्हणून डायोड तसा वागत नाही. त्या नावाचं मॉडेल फाइलमध्ये असावं लागतं.

हे सगळं आलं कुठून?

आज वापरात असलेल्या बहुतेक सर्किट सिम्युलेटरचं मूळ ‘स्पाइस’ या प्रोग्रॅममध्ये आहे. अमेरिकेतल्या बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन्स नेगल यांनी प्रा. डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली तो लिहिला आणि १९७३ मध्ये जगासमोर मांडला. तो खुला ठेवला गेला, त्यामुळे त्याची भाषाच या क्षेत्राची बोलीभाषा झाली. पीस्पाइस, एलटीस्पाइस, एनजीस्पाइस ही सगळी त्याच घराण्यातली. म्हणूनच एका सॉफ्टवेअरसाठी लिहिलेलं साधं मॉडेल बहुतेक वेळा दुसऱ्यातही चालतं.

एका ओळीतला डायोड

डायोड, ट्रान्झिस्टर, मॉस्फेट यांसारख्या सुट्या पार्टचं मॉडेल बहुधा एका ओळीत मावतं. ही ओळ ‘डॉट मॉडेल’ या शब्दानं सुरू होते. त्यापुढे नाव, मग प्रकार (डायोडसाठी ‘डी’) आणि कंसात आकडे. डायोडच्या ओळीत महत्त्वाचे आकडे असे :

• आयएस आणि एन : किती व्होल्टला किती करंट जाईल, हे या दोघांवर ठरतं.
• आरएस : डायोडच्या आतला रेझिस्टन्स.
• बीव्ही : उलट्या दिशेनं किती व्होल्टला डायोड फुटतो.
• सीजेओ : जंक्शनचा कपॅसिटन्स.
• टीटी : डायोडमध्ये साठलेला चार्ज रिकामा व्हायला लागणाऱ्या वेळेशी निगडित आकडा.

आता खरी गंमत. यातला कुठलाही आकडा आपण दिला नाही, तर सॉफ्टवेअर अडत नाही. ते स्वतःचा ठरलेला आकडा घेतं आणि पुढे जातं. मूळ स्पाइसमध्ये आयएस १० चा उणे १४ वा घात, एन १, आरएस शून्य, सीजेओ शून्य, टीटी शून्य आणि बीव्ही अनंत धरलेला असतो. म्हणजे बिननावाचा डायोड कितीही उलट्या व्होल्टला फुटत नाही आणि क्षणार्धात बंद होतो. असा डायोड तपकीर गल्लीतच काय, जगात कुठंही मिळत नाही.

आमच्या बूस्ट कन्व्हर्टरचा घात नेमका इथं झाला. १एन४००७ हा ५० हर्ट्झच्या रेक्टिफायरसाठी केलेला संथ डायोड आहे. त्याला पूर्ण बंद व्हायला काही मायक्रोसेकंद लागू शकतात. ५० किलोहर्ट्झला अख्खं चक्रच २० मायक्रोसेकंदांचं. मॉस्फेट चालू होतो तेव्हा डायोड अजून बंद झालेला नसतो. मग आउटपुटच्या कपॅसिटरमधला करंट उलटा फिरून डायोड आणि मॉस्फेटमधून थेट ग्राउंडला जातो. हे सेकंदाला ५० हजार वेळा. दोघंही तापणारच. टीटी शून्य असल्यामुळे आमच्या स्क्रीनवर यातलं काहीच दिसलं नाही.

डायोड एक, मॉडेलं दोन

‘मग इंटरनेटवरून १एन४००७ चं मॉडेल उतरवून घ्यायचं’, असं कोणीही म्हणेल. ते बरोबरच आहे, पण अर्धंच. या डायोडची अनेक मॉडेलं फिरत असतात. वारंवार दिसणारी दोन शेजारी ठेवून पाहू.

• पहिलं मॉडेल : आयएस सुमारे ७.०३ नॅनोअँपिअर, एन १.८०८, आरएस ०.०३४ ओहम, टीटी ०.१ मायक्रोसेकंद.
• दुसरं मॉडेल : आयएस ७६.९ पिकोअँपिअर, एन १.४५, आरएस ०.०४२ ओहम, टीटी ४.३२ मायक्रोसेकंद.

आयएसचे आकडे पाहिले तर दोन्ही वेगळेच डायोड वाटतात. पण २७ अंश सेल्सिअसला १ अँपिअर करंट सोडला तर डायोडवर किती व्होल्ट पडतील, याचा हिशेब केला की दोन्हींचं उत्तर ०.९१ व्होल्टच्या आसपास येतं. अनेक डेटाशीटमध्ये ही मर्यादा कमाल १.१ व्होल्ट दिलेली असते. म्हणजे दोन्ही पास. बिननावाचा डायोड याच परीक्षेत ०.८३ व्होल्ट दाखवतो, म्हणजे तोही फार मागे नाही.

आता टीटी पाहा. एकात ०.१, दुसऱ्यात ४.३२. तब्बल ४३ पट फरक. ५० हर्ट्झच्या बॅटरी चार्जरमध्ये यातलं कुठलंही मॉडेल घेतलं तरी फारसं बिघडणार नाही. ५० किलोहर्ट्झच्या कन्व्हर्टरमध्ये मात्र पहिलं मॉडेल संथ डायोडला चपळ ठरवून मोकळं होतं. नाव बरोबर, व्होल्ट बरोबर आणि तरीही निष्कर्ष चुकीचा.

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही : मॉडेल ‘बरोबर’ आहे का, हा प्रश्न अपुरा आहे. मॉडेल कोणत्या कामासाठी बरोबर आहे, हे विचारायला हवं.

आयसी असेल तर?

ऑप-अँप, व्होल्टेज रेग्युलेटर, टायमर असे पार्ट एका ओळीत मावत नाहीत. त्यांच्यासाठी ‘सबसर्किट’ असतं. म्हणजे सर्किटच्या पोटातलं छोटं सर्किट. ‘डॉट सबसीकेटी’ या ओळीनं ते सुरू होतं आणि ‘डॉट एंड्स’ या ओळीनं संपतं. पहिल्या ओळीत नाव आणि त्यापुढे बाहेर येणाऱ्या टोकांची क्रमवार यादी असते.

सगळ्यात जास्त गोंधळ या क्रमातच होतो. एलएम३५८ हा कॉलेजात नेहमी लागणारा ऑप-अँप घ्या. आठ पायांच्या खऱ्या आयसीत पिन १ म्हणजे आउटपुट, पिन २ इन्व्हर्टिंग इनपुट आणि पिन ३ नॉन-इन्व्हर्टिंग इनपुट. ऑप-अँपच्या मॉडेल फाइलमध्ये मात्र रूढ क्रम असा असतो : नॉन-इन्व्हर्टिंग, इन्व्हर्टिंग, पॉझिटिव्ह सप्लाय, निगेटिव्ह सप्लाय, आउटपुट. म्हणजे मॉडेलचं पहिलं टोक आणि आयसीची पहिली पिन यांचा एकमेकांशी संबंध नाही. शिवाय खऱ्या आयसीत दोन ऑप-अँप असतात आणि मॉडेल बहुधा एकाचंच असतं. दोन हवे असतील तर चिन्ह दोनदा ठेवायचं.

टोकांचा क्रम चुकला तरी सॉफ्टवेअर नेहमी तक्रार करत नाही. ते तुम्ही सांगितलेलं सर्किट इमानदारीनं सोडवतं. म्हणून फाइल उघडून ‘डॉट सबसीकेटी’च्या आसपासच्या ओळी वाचायच्या. कुठलं टोक कशाचं, हे कंपन्या बहुधा तिथंच लिहून ठेवतात.

एलटीस्पाइसमध्ये कसं जोडायचं?

एलटीस्पाइस मोफत आहे आणि विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय आहे. ते चिप कंपनीचं असल्यामुळे त्याच्या यादीत त्या घरच्या आयसींचा भरणा जास्त, हे ओघानं आलंच. बाहेरचा पार्ट आणायचा असेल तर :

एका ओळीचं मॉडेल असेल तेव्हा :
१. नेहमीचं डायोडचं चिन्ह ठेवा.
२. ‘स्पाइस डायरेक्टिव्ह’ हा पर्याय घेऊन ‘डॉट मॉडेल’ची पूर्ण ओळ ड्रॉइंगवरच चिकटवा.
३. डायोडशेजारच्या ‘डी’ या अक्षरावर राइट क्लिक करून तिथं मॉडेलचं नाव लिहा. दोन्हीकडची स्पेलिंग तंतोतंत एक हवी.

सबसर्किट असेल तेव्हा :
१. कंपनीच्या संकेतस्थळावरून मॉडेलची फाइल घ्या आणि तुमचं सर्किट ज्या फोल्डरमध्ये आहे तिथंच ठेवा.
२. ती फाइल एलटीस्पाइसमध्ये उघडा. ‘डॉट सबसीकेटी’च्या ओळीवर राइट क्लिक केलं की चिन्ह तयार करण्याचा पर्याय येतो.
३. तयार झालेलं चिन्ह ‘ऑटोजनरेटेड’ या फोल्डरमध्ये मिळतं. ते सर्किटमध्ये ठेवून जोडणी करा.

मित्राला सर्किट पाठवताना मॉडेलची फाइलही पाठवा. नाहीतर त्याच्याकडे ‘हे सबसर्किट सापडत नाही’ असा संदेश येईल आणि दोघांची रात्र जाईल.

आयआयटी मुंबईचं ‘ई-सिम’

याच कामासाठी महाराष्ट्रात घडलेलं सॉफ्टवेअरही आहे. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पानं तयार केलेलं ‘ई-सिम’. शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर वाढावं म्हणून केंद्र सरकारच्या मदतीनं हा प्रकल्प चालतो. ई-सिम पूर्वी ‘ऑस्कॅड’ या नावानं ओळखलं जायचं. सर्किट काढायला कायकॅड आणि सोडवायला एनजीस्पाइस ही मुक्त सॉफ्टवेअर त्यात एकत्र गुंफलेली आहेत.

नवा पार्ट जोडण्यासाठी त्यात दोन वेगळी साधनं आहेत.

• मॉडेल एडिटर : डायोड, ट्रान्झिस्टर, मॉस्फेट असा प्रकार निवडला की आकड्यांचा तक्ता उघडतो. आकडे बदला, नवे भरा आणि आपल्या नावानं जतन करा. ओळीची भाषा पाठ असण्याची गरज नाही.
• सबसर्किट बिल्डर : आयसीच्या आतलं सर्किट स्वतः काढायचं, बाहेर येणाऱ्या टोकांना ‘पोर्ट’ लावायचे आणि ते एका चिन्हात बंद करायचं.

त्यानंतर कायकॅडमधलं ड्रॉइंग एनजीस्पाइसच्या भाषेत बदलताना एक खिडकी येते. सुट्या पार्टची मॉडेलं आणि आयसींची सबसर्किटं जोडण्यासाठी तिथं वेगवेगळे टॅब असतात. ते भरले की सिम्युलेशन चालू.

यातली विद्यार्थ्यांसाठी महत्त्वाची बाब म्हणजे ई-सिमच्या आयसी संग्रहात भर घालण्याचं काम देशभरातल्या कॉलेजांतून आलेल्या इंटर्न मुलामुलींनीही केलं आहे. डेटाशीट वाचायची, आतलं सर्किट उभं करायचं, चाचणी घ्यायची आणि सबसर्किट संग्रहाला द्यायचं. आपल्याला हवा असलेला आयसी यादीत नाही, ही तक्रार करण्याऐवजी तो यादीत घालता येतो, ही सोय मुक्त सॉफ्टवेअरमध्येच शक्य आहे.

नावातच ‘स्वतःचा पार्ट’ असलेलं सॉफ्टवेअर

आयआयटी मुंबईतच प्रा. महेश पाटील यांनी ‘सीक्वल’ नावाचा सिम्युलेटर विकसित केला. त्याच्या इंग्रजी नावाचा विस्तार करून मराठीत सांगायचं तर ‘वापरकर्त्यानं घडवलेल्या घटकांसह सर्किटची समीकरणं सोडवणारा’. इथं वापरकर्ता फक्त आकडे बदलत नाही. पार्टचं वागणं सांगणारी समीकरणंच तो लिहून देऊ शकतो. मोटर, कंट्रोलर, पॉवर इलेक्ट्रॉनिक्समधले स्विच अशा, स्पाइसच्या ठरलेल्या साच्यात नीट न बसणाऱ्या गोष्टींसाठी ही पद्धत सोयीची पडते.

कॉलेजच्या प्रोजेक्टला बहुतेक वेळा इतक्या खोलात जावं लागत नाही. पण पार्ट म्हणजे शेवटी समीकरण आणि ते समीकरण कोणीतरी माणसानं लिहिलेलं असतं, हे त्यातून नीट कळतं.

या चुका हमखास होतात

• ‘एम’ म्हणजे मेगा नव्हे : स्पाइस लहान-मोठी अक्षरं वेगळी मानत नाही. रेझिस्टरला ‘१एम’ लिहिलं तर तो १ मिलीओहम होतो. मेगासाठी ‘मेग’ लिहावं लागतं.
• ‘एफ’ म्हणजे फॅरड नव्हे : कपॅसिटरला ‘१एफ’ लिहिलं तर त्याचा अर्थ १ फेम्टोफॅरड होतो. एककाचं अक्षर न लिहिणंच बरं.
• कुलूपबंद मॉडेल : काही कंपन्या मॉडेल एनक्रिप्ट करून देतात. एका सॉफ्टवेअरसाठी कुलूप लावलेली फाइल दुसऱ्यात उघडत नाही. अशा वेळी त्याच कंपनीचं खुलं मॉडेल शोधा किंवा साधं सबसर्किट स्वतः लिहा.
• बोलीतला फरक : पीस्पाइससाठी लिहिलेल्या काही ओळी एनजीस्पाइसला जशाच्या तशा कळत नाहीत. त्यासाठी एनजीस्पाइसमध्ये सुसंगततेची वेगळी सेटिंग आहे. ती आधी तपासा, मगच मॉडेलला दोष द्या.

जोडलं. आता तपासायचं कसं?

मंडईत मटार घेताना आपण एक शेंग सोलून बघतो, नारळ कानाशी हलवून बघतो. मॉडेलचंही तसंच. मोठ्या सर्किटमध्ये टाकण्याआधी त्याला एकट्याला बाजूला घेऊन बघायचं. डायोडसाठी तीन छोट्या चाचण्या पुरतात.

१. सुलट चाचणी : करंट शून्यापासून १ अँपिअरपर्यंत वाढवा आणि व्होल्टचा आलेख डेटाशीटमधल्या आलेखाशेजारी ठेवा.
२. उलट चाचणी : उलटं व्होल्टेज वाढवत न्या. १एन४००७ ची मर्यादा १००० व्होल्ट आहे. मॉडेल ५००० व्होल्टलाही शांत राहिलं, तर बीव्ही दिलेलाच नाही असं समजा.
३. बंद होण्याची चाचणी : अर्धा अँपिअर सुलट करंट चालू असताना एकदम उलटा करंट ओढा आणि डायोड किती वेळानं थांबतो ते मोजा. डेटाशीटमध्ये ‘रिव्हर्स रिकव्हरी टाइम’ दिला असेल तर त्याच्याशी ताडून पाहा. हा आकडा आणि टीटी अगदी एक नसतात, पण दोन्ही साधारण एकाच पट्ट्यात हवेत.

तिसऱ्या चाचणीत एक मेख आहे. १एन४००७ च्या अनेक डेटाशीटमध्ये हा वेळ दिलेलाच नसतो. तो नसणं हीच सूचना समजायची : हा पार्ट जलद स्विचिंगसाठी नाही.

ऑप-अँपसाठी आधी साधा बफर करून बघा. इनपुटला १ व्होल्ट दिला तर आउटपुटला १ व्होल्ट येतो का? आला तर निदान पिनांचा क्रम जुळला. मग आउटपुट सप्लायच्या किती जवळ जातं, ते डेटाशीटशी ताडा.

मॉडेल काय सांगत नाही?

तपासलेलं मॉडेलही सगळं सांगत नाही. १एन४००७ हा १ अँपिअरचा डायोड आहे, पण ही मर्यादा ‘डॉट मॉडेल’च्या हिशेबात कुठंच नसते. त्यातून ५० अँपिअर सोडले तरी स्क्रीनवर धूर येत नाही. पार्ट तापला की त्याचं वागणं बदलतं, पण नेहमीचं सिम्युलेशन आपण सांगितलेलं एकच तापमान धरून चालतं. बोर्डवरच्या लांब ट्रॅकचा इंडक्टन्स, ब्रेडबोर्डचा ढिला संपर्क, हे तर चित्रातच नसतं. म्हणून कुठल्या पार्टमधून किती करंट आणि त्यात किती वॅट खर्च होतात, हे सिम्युलेशनमधून काढून डेटाशीटच्या मर्यादेशी आपणच ताडायचं. ते काम सॉफ्टवेअर आपल्यासाठी करत नाही.

थोडक्यात

• नाव दिसलं म्हणून विश्वास नको. मॉडेलची ओळ उघडून वाचा.
• न दिलेला आकडा ‘नाही’ नसतो. तो सॉफ्टवेअरनं परस्पर धरलेला असतो.
• आयसीच्या पिनांचा क्रम आणि मॉडेलच्या टोकांचा क्रम वेगळा असू शकतो.
• सर्किट ज्या वेगानं चालणार आहे, त्या वेगाला मॉडेलची चाचणी घ्या.
• प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आलेखाखाली मॉडेल कुठून घेतलं आणि त्यातले मुख्य आकडे कोणते, तेही लिहा. व्हायव्हाला याच प्रश्नावर उत्तर सापडत नाही.

त्या दिवशी तपकीर गल्लीतल्या काकांनी आम्हाला यूएफ४००७ दिला होता. दिसायला जवळपास तसाच, तोच १ अँपिअर, तेच १००० व्होल्ट. फरक एकच : त्याचा बंद होण्याचा वेळ कमाल ७५ नॅनोसेकंद. बोर्ड चालला. घरी आल्यावर मी जुन्या डायोडच्या मॉडेलमध्ये टीटी ४.३२ मायक्रोसेकंद भरून तेच सर्किट पुन्हा चालवलं. या वेळी मॉस्फेटच्या करंटच्या आलेखात दर चक्राला एक उंच सुळका दिसला. आमचा मॉस्फेट ज्यानं घेतला, तो हाच. ती एक ओळ आधी भरली असती तर तो स्क्रीनवरच दिसला असता आणि तपकीर गल्लीची दुसरी फेरी वाचली असती.